"होम क्लब कोणता?" आणि आपले हसणे

गेल्या महिन्यातली गोष्ट. रविवारची वंदना झाली, सूचना सांगून झाल्या आणि विहाराच्या ओट्यावर नेहमीसारखी बैठक बसली. विषयही नेहमीचेच. गायरानातल्या घरांच्या नोटिसा, शिष्यवृत्तीचे अडकलेले पैसे, जयंतीचा राहिलेला हिशेब. एवढ्यात वस्तीतल्या एका पोराने पिशवीतून कागदाची गुंडाळी काढून फरशीवर पसरली. अक्कलकोटहून कुरनूर धरणाकडे जाताना लागणाऱ्या एका मुरमाड माळाचा नकाशा होता. ओढा, बांध, बाभळी, चढ-उतार सगळे बारीक रेघांनी काढलेले, आणि त्यामधून वळणे घेत जाणारे नऊ पट्टे.

"काय बे हे? रस्ता का कॅनॉल?" एकाने विचारले.

"गोल्फचं मैदान आहे, काका. मी आखलंय."

सगळा ओटा हसला. चळवळीत केस पांढरे केलेले आमचे एक ज्येष्ठ म्हणाले, "पोरा, आधी गायरानातली घरं वाचवायचं बघ. गोल्फ साहेब लोकांचा खेळ. तुला काय करायचंय?" पोराने काही न बोलता कागद गुंडाळला. हसणाऱ्यांत मीही होतो. हा लेख त्या हसण्याबद्दल आहे.

आधी त्या पोराबद्दल थोडे सांगतो. सोलापुरात स्थापत्यचा डिप्लोमा केला. नोकरी लागली ती पुण्याकडच्या एका ठेकेदाराकडे, हिरवळी तयार करण्याच्या कामावर. एका गोल्फ मैदानाच्या दुरुस्तीवर त्याने अख्खा पावसाळा लेव्हल धरण्यात आणि वाळूचे खड्डे, म्हणजे बंकर, कोरण्यात काढला. तिथेच त्याला नाद लागला. हा खड्डा इथेच का? हा उंचवटा मुद्दाम केला की मूळचा? पडलेले पाणी जाते कुठे? रात्री खोलीवर बसून तो जगभरच्या मैदानांचे उपग्रहातून घेतलेले फोटो बघायचा आणि वहीत नकाशे काढायचा. पुढे याच विषयाचे वेड असलेल्या काही हौशी लोकांशी त्याची ओळख झाली. हे लोक खेळापेक्षा मैदानाच्या रचनेवर तासन्‌तास बोलतात. पोराला वाटले, आपली माणसे सापडली.

पहिल्याच दिवशी त्याला विचारले गेले, "तुझा होम क्लब कोणता?" मग, "आतापर्यंत कुठे कुठे खेळलास?" त्याचा क्लब नव्हता. तो कुठेच खेळला नव्हता. ज्या मैदानाचे बंकर त्याने हाताने कोरले, त्यावरही त्याने कधी काठी फिरवली नव्हती. त्याने खरे ते सांगितले. त्यावर कुणी त्याचा अपमान केला नाही. फक्त नंतर त्याला कुणी काही विचारले नाही.

मित्रांनो, हा प्रश्न आपल्या ओळखीचा आहे. "पूर्ण नाव काय?" "गाव कोणतं?" "गावात राहायला कुठल्या बाजूला?" विचारणारा बहुतेक वेळा गोड बोलत असतो. त्याच्या मनात काही नसेलही. पण उत्तर देणाऱ्याला ठाऊक असते की या उत्तरावर पुढची वागणूक ठरणार आहे. "होम क्लब कोणता?" हा त्याच जातीचा प्रश्न आहे. जमिनीच्या रचनेबद्दल तुला काय समजते, हे तो विचारत नाही. तू कुणाच्या दारातून आत आलास, हे विचारतो.

म्हणजे तिकडे पोराला क्लब विचारला गेला आणि इकडे आपण हसलो. तिकडच्या लोकांकडून फार अपेक्षा नव्हती. प्रश्न आपला आहे. म्हणून ओट्यावरचे आक्षेप एकेक करून घेतो.

पहिला आक्षेप, गोल्फ हा साहेबांचा आणि शेठजींचा खेळ आहे. आज आहे, हे खरे. पण या खेळाचे मूळ मैदान कोणते, ते बघा. स्कॉटलंडमधले सेंट अँड्र्यूजचे 'ओल्ड कोर्स' हे जगभरचे गोल्फवाले पंढरीसारखे मानतात. ती जमीन कुणा उमरावाची बाग नव्हती. समुद्रकाठची वाळूची, नांगराला निरुपयोगी, गावाच्या सामाईक वापरातली जागा होती. तिथे मेंढ्या चरत, लोक कपडे वाळत घालत आणि खेळतही. आपल्या भाषेत सांगायचे तर गायरान. वाऱ्यापासून आडोसा शोधत मेंढ्या जिथे बसायच्या तिथे खळगे पडले आणि त्यांचेच पुढे बंकर झाले, असे सांगतात. मधल्या काळात ती जमीन गावाच्या हातून गेली, सशांच्या व्यापाऱ्यांनी तिथे ससे पाळले, त्यावरून गावकऱ्यांशी वर्षानुवर्षे भांडणे झाली. शेवटी १८९४ मध्ये ब्रिटिश संसदेच्या कायद्याने ती गावाच्या ताब्यात आली. आजही एरवी रविवारी तिथे गोल्फ बंद असतो. गावातले लोक त्या हिरवळीवरून पोराबाळांना आणि कुत्र्यांना घेऊन फिरतात.

त्या मैदानाची अनेक वर्षे निगा राखणारा आणि पुढे ठिकठिकाणी मैदाने आखणारा टॉम मॉरिस विणकराचा मुलगा होता. सोलापूरच्या माणसाला विणकराचे घर काय असते हे सांगायला नको. अमेरिकेत सुमारे चारशे मैदाने आखणारा डोनाल्ड रॉस हा पाथरवटाचा मुलगा, स्वतः सुतारकी शिकलेला. म्हणजे ही विद्या जन्मली ती हाताने काम करणाऱ्यांच्या घरात. तिला क्लबची भिंत नंतर पडली.

ती भिंत कशी असते याचे उदाहरण न्यू ऑर्लिन्समध्ये आहे. जोसेफ बार्थोलोम्यू, जन्म १८८८, कृष्णवर्णीय. लहानपणीच कॅडी झाला, म्हणजे खेळणाऱ्याच्या काठ्या वाहणारा पोरगा. त्याचा हात आणि नजर बघून गोऱ्या लोकांनी त्याला न्यूयॉर्कला मैदान-रचनेचे शिक्षण घ्यायला पाठवले. परत येऊन १९२२ च्या सुमारास त्याने मेटेरी गोल्फ क्लबचे मैदान उभे केले. रचना त्याची, देखरेख त्याची. पण त्या मैदानावर त्याला एकदाही खेळू दिले नाही. शहराच्या सार्वजनिक बागेतली मैदानेही त्याने बांधली आणि तिथेही कृष्णवर्णीयांना मज्जाव होता. शेवटी त्याने स्वतःच्या जमिनीवर स्वतःपुरते आणि मित्रांपुरते सात होलचे मैदान केले. १९५६ मध्ये, म्हणजे आपण नागपुरात दीक्षा घेतली त्याच वर्षी, कृष्णवर्णीयांच्या वसाहतीत त्याने बांधलेले मैदान सुरू झाले. आज त्याला त्याचेच नाव आहे.

देऊळ बांधणारा पाथरवट कळस चढेपर्यंत आत आणि प्राणप्रतिष्ठा झाली की बाहेर, ही गोष्ट आपल्याला नवी नाही. महाराष्ट्रातलेही उदाहरण घ्या. पळवणकर बाळू पुण्यात आधी क्रिकेटच्या मैदानावर झाडलोट करत, रोलर फिरवत, खेळपट्टी तयार करत. जमीन वाचता वाचता ते त्यांच्या काळातले सर्वात मोठे हिंदी फिरकी गोलंदाज झाले. १९११ मध्ये इंग्लंडला जाऊन आले. मैदानात त्यांच्या हातचा चेंडू सगळ्यांना चालायचा. चहाच्या वेळी मात्र त्यांचा चहा बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात. पुढे १९३७ च्या निवडणुकीत हेच बाळू काँग्रेसतर्फे बाबासाहेबांच्या विरोधात उभे राहिले आणि पडले. हेही आपण लपवू नये. एकट्या माणसाला आत घेतल्याने भिंत पडत नाही. कधी कधी आत घेतलेला माणूसच भिंतीच्या कामी येतो.

इथे आपल्या ज्येष्ठांचा दुसरा आणि खरा आक्षेप येतो. ते म्हणतील, मग एक पोरगा गोल्फ मैदाने आखू लागला तर समाजाला काय मिळाले? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर "आपलाही माणूस तिथे पोचला" एवढेच असेल तर मीही तो नकाशा गुंडाळून ठेवायला सांगेन.

पण मुद्दा गोल्फचा नाहीच. जमीन कोण आखतो, हा मुद्दा आहे.

आपल्या आज्या-पणज्यांचे काम आठवा. गावाच्या शिवेचा वाद आला की साक्ष कुणाची घेत? महाराची. शीव कुठल्या दगडापासून कुठल्या ओढ्यापर्यंत जाते, कुठले झाड कुणाच्या हद्दीत, पूर आला की पाणी कुठून फिरते, हे त्याला पाठ असे. गावाची जमीन सर्वात चांगली ओळखणारा माणूस तो, आणि त्या जमिनीवर सर्वात कमी हक्कही त्याचाच. वतन म्हणून जो तुकडा मिळे, त्याच्या बदल्यात रात्रंदिवस सरकारी आणि गावकीची वेठ. १९२८ मध्ये बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले ते ही गुलामी मोडण्यासाठी. वतने कायद्याने नाहीशी व्हायला १९५८ उजाडले. त्यानंतरही कितीतरी वतनी जमिनी कुणाच्या घशात गेल्या, ते प्रत्येक तालुक्याला ठाऊक आहे.

जमिनीचे ज्ञान आपले, घाम आपला. रेघ मात्र दुसऱ्याची. आजही तेच चालू आहे. सुरत-चेन्नई महामार्गाची रेघ आपल्या तालुक्यातून गेली. ती कुठून जावी, हे ठरवताना शेताच्या बांधावर कुणी येऊन विचारले? शेतकरी मोबदल्यासाठी भांडले, पण रेघ आधी पडलेली होती. धरणाची रेघ, महामार्गाची रेघ, औद्योगिक वसाहतीची रेघ, शहर विकास आराखड्याची रेघ. आपण नेहमी रेघ पडल्यावर मोर्चा घेऊन जातो. आखणीच्या टेबलापाशी आपला माणूस नसतो.

गोल्फ मैदान हे त्याचे सर्वात उघडे उदाहरण आहे. अठरा होलच्या मैदानाला साधारण सव्वाशे ते पावणेदोनशे एकर जमीन लागते. दिल्ली गोल्फ क्लब राजधानीच्या मधोमध सरकारी भाडेपट्ट्यावरच्या जमिनीवर आहे. २०१७ मध्ये तिथे पाहुणी म्हणून जेवायला गेलेल्या मेघालयातल्या एका खासी महिलेला, तिचा पारंपरिक पोशाख मोलकरणीसारखा दिसतो म्हणून उठून जायला सांगितले गेले. ही बातमी देशभर गाजली. जमीन सरकारची, आणि दारात पोशाखावरून माणसाची पारख.

आता आपल्याकडे बघा. गायरानावर पोटापुरती जमीन कसणाऱ्या भूमिहीनांसाठी दादासाहेब गायकवाडांनी १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४-६५ मध्ये सत्याग्रह केला. हजारो माणसे तुरुंगात गेली. १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची भूमिहीन मागासवर्गीयांची अतिक्रमणे नियमित करायची ठरली. किती जणांच्या नावावर सातबारा झाला, ते आपापल्या गावात मोजा. आणि २०२२ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर गायरानातल्या घरांना नोटिसा लागल्या. दोन गुंठ्यांवरचे घर ते अतिक्रमण. दीडशे एकरांवरचा खेळ तो भाडेपट्टा. हा फरक कुठल्या कायद्यातून येत नाही, कायदा कुणासाठी कसा वाचायचा यातून येतो.

आणि पाणी? आपला तालुका दुष्काळी. बोरी नदीवरचे कुरनूर धरण भरले की नाही, यावर इथल्या वर्षाचे गणित असते. समजा एका मैदानावर ऐंशी एकर हिरवळ ओली ठेवायची आहे. उन्हाळ्यात रोज ५ मिलिमीटर पाणी धरले तर एकरी सुमारे २० हजार लिटर. ऐंशी एकरांना रोज सोळा लाख लिटर. जलजीवन मिशनचे माणशी ५५ लिटरचे प्रमाण लावले तर हे २९ हजार माणसांचे रोजचे पाणी होते. २०११ च्या जनगणनेत अक्कलकोट शहराची लोकसंख्या चाळीस हजारांच्या आसपास होती. म्हणजे पाऊण शहराचे पाणी एका हिरवळीला.

हे गणित मी त्या पोरापुढे मांडले. वाटले, आता गप्प बसेल. तो म्हणाला, "काका, तुम्ही माझा नकाशा नीट बघितलाच नाही."

मग मी बघितला. त्याच्या नऊ पट्ट्यांत हिरवळ जवळपास नव्हतीच. माळावरचे कुसळी गवत तसेच. ग्रीनच्या जागी दाबून सपाट केलेली वाळू. जुन्या काळी आपल्या देशातल्या कितीतरी लष्करी छावण्यांत अशीच वाळूची मैदाने होती आणि त्यांना 'ब्राऊन' म्हणत, हे त्याने शोधून काढले होते. पट्टे असे वळवले होते की एकही बांध फोडावा लागू नये. उताराचे पाणी तीन ठिकाणी अडवून ओढ्याच्या कडेला मुरवले होते. आणि नकाशावर एक जाड तुटक रेघ होती. मी विचारले, ही काय? "शेळ्या-मेंढ्यांची वाट. ती बंद करायची नाही. सेंट अँड्र्यूजला मेंढ्या चालत होत्या, तर इथं का नाही?"

उद्या त्या माळावर गोल्फ होणार नाही, हे त्यालाही माहीत आहे. पण मोठमोठ्या गोल्फ रिसॉर्टच्या आखणीत जो प्रश्न सहसा पडत नाही, तो या पोराने पहिल्याच नकाशात सोडवायला घेतला. या माळावर आधीपासून कोण चालते, आणि पाणी कुणाचे? दिल्लीजवळची नामांकित मैदाने आर्नोल्ड पामर, गॅरी प्लेअर, जॅक निक्लॉस या परदेशी खेळाडूंच्या नावाने आखली गेली. ते आपापल्या कामात मोठे असतील. पण टँकरमागे घागर घेऊन धावलेला माणूस आखायला बसला तर त्याची रेघ वेगळी पडते. कॅडी म्हणून सुरुवात केलेले अली शेर १९९१ मध्ये इंडियन ओपन जिंकले, म्हणजे काठ्या वाहणाऱ्याला खेळाडू व्हायची वाट थोडी तरी उघडली. खड्डे खणणाऱ्याला आखणारा व्हायची वाट अजून उघडायची आहे.

कुणी म्हणेल, हे आपले विषय नाहीत. मग बाबासाहेबांचा विषय कोणता होता? १९२३ मध्ये त्यांनी रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ प्रसिद्ध केला. चलन हा काय अस्पृश्यांचा विषय होता? १९४२ ते १९४६ या काळात मजूरमंत्री म्हणून त्यांनी दामोदर खोऱ्याच्या योजनेवर, नद्यांच्या पाण्यावर, विजेवर काम केले. तो तरी कुठे 'आपला' विषय होता? १९१८ मध्ये मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात ते प्राध्यापक झाले तेव्हा काही सहकारी प्राध्यापकांनी त्यांनी सामाईक भांड्यातले पाणी पिण्याला हरकत घेतली. त्याच सुमारास त्याच मुंबईत इंग्रज आणि हिंदी दोघांनाही प्रवेश देणारा विलिंग्डन क्लब निघाला, आणि त्याच्या उदारपणाचे कौतुक झाले. हिंदी माणसाला दार उघडले म्हणजे सगळ्या हिंदी माणसांना उघडले असे नसते, हे बाबासाहेबांना कुणी शिकवावे लागले नाही. पण म्हणून त्यांनी अर्थशास्त्र सोडले नाही.

आपल्यावर अन्याय करणाऱ्यांनी आपले विषय ठरवून दिले: आरक्षण, अत्याचार, जयंती. त्यावर लढणे भागच आहे, ते सोडायचे नाही. पण एखादे पोर त्या कुंपणाबाहेरचा विषय घेऊन आले आणि आपणच हसलो, तर कुंपण राखायला दुसऱ्या कुणाची गरज उरत नाही.

म्हणून तीन गोष्टी सांगतो.

मैदानाच्या रचनेवर जीव असलेल्या हौशी मंडळींना: नवा माणूस आला की क्लब विचारू नका. त्याने काय बघितले, काय आखले, ते विचारा. ज्याच्या हातात फावडे होते त्याला जमिनीबद्दल तुमच्यापेक्षा दोन गोष्टी जास्त माहीत असण्याची शक्यता आहे.

त्या पोराला: तिथे जा. दबून जाऊ नकोस आणि त्यांच्यासारखा होऊनही येऊ नकोस. तुझ्या प्रत्येक नकाशावर ती तुटक रेघ राहू दे. ज्या दिवशी कुणी ती पुसायला सांगेल आणि तू पुसशील, त्या दिवशी ओट्यावरचे हसणे खरे ठरेल.

आणि आपल्याला, माझ्यासकट: आपल्या वस्तीतल्या गायरानाचा मोजणी नकाशा कुणाकडे आहे? कुठले घर कुठल्या गटात, कुठले १९९० च्या आधीचे, ओढ्याची पूररेषा कुठून जाते, हे कागदावर आहे का? नोटिसांना उत्तर देताना आपण वकिलाला तोंडी सांगत होतो, "त्या लिंबाच्या पलीकडे." ज्या पोराला आपण आधी गायरानातली घरे वाचव म्हणालो, त्याच्याकडेच ती घरे कागदावर आणण्याची विद्या होती. आपण विचारलेच नाही.

गेल्या रविवारी वंदनेनंतर मी त्याला हे विचारले. तो म्हणाला, टेप धरायला दोन माणसे द्या, आठ दिवसांत करतो. पहिले टोक त्या ज्येष्ठांनीच धरले.

जय भीम!